मनोमिन

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या परिसरात उथळ पाण्यात वाढणारे तृणधान्य. शास्त्रीय नाव झिझॅनिया पॅलस्ट्रिस. ‘वाइल्ड राइस’ म्हणून विकले जात असले, तरी भाताच्या ओरायझा प्रजातीहून ते वेगळे आहे. अनिशिनाबे (ओजिब्वे) लोकांच्या परंपरेनुसार, पाण्यावर अन्न उगवेल तेथे वस्ती करण्याचा आदेश मिळाल्याने त्यांचे पूर्वज पूर्वेकडून येथे आले. मनोमिनला ते आप्त मानतात.

कापणी : उन्हाळा सरताना दोघे जण होडी घेऊन तळ्यात शिरतात. एक जण लांब बांबूसारख्या काठीने होडी रेटतो. दुसरा एका आखूड काठीने लोंब्या होडीवर वाकवतो व दुसरीने हलकेच झोडपतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडून पुढे रुजतात. नंतर धान्य वाळवणे, भाजणे, पायांनी मळून तूस सोडवणे व पाखडणे ही कामे होतात.

संशोधन व आक्षेप : दाणे एकदम पिकत नाहीत आणि पिकताच झडतात, त्यामुळे यंत्राने कापणी परवडत नाही. मिनेसोटा विद्यापीठाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कमी झडणारे वाण काढले आणि बांधलेल्या खाचरांत व्यापारी लागवड वाढली. पुढे ती कॅलिफोर्नियातही पसरली. विद्यापीठाने जनुकीय नकाशाचे काम हाती घेतल्यावर १९९८ मध्ये ओजिब्वे लोकांच्या मिनेसोटा चिपेवा ट्राइबचे अध्यक्ष नॉर्मन डेशॅम्प यांनी लेखी हरकत घेतली. सुधारित वाणांचे परागकण नैसर्गिक तळ्यांतील वाणांत मिसळतील, ही एक भीती होती. मूळ आक्षेप मात्र संमतीचा होता : अमेरिकी सरकारशी झालेल्या करारांनी राखलेल्या हक्कांतील वनस्पतीवर जमातींना न विचारता संशोधन होऊ नये. त्यामुळे नफ्यातील वाटा देऊन हा वाद मिटण्यासारखा नव्हता.

कायदेशीर स्थिती : अमेरिका जैवविविधता कराराची सदस्य नसल्याने त्यातील लाभवाटपाच्या तरतुदी तेथे लागू नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यातील ३१ वे कलम बियाणे व जनुकीय संपत्तीवरील हक्क मान्य करते. परंतु ते बंधनकारक नाही. त्याच वर्षी मिनेसोटा राज्याने जनुक-अभियांत्रिकीने घडवलेले मनोमिन मोकळ्यावर आणण्यापूर्वी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल सक्तीचा केला. व्हाइट अर्थ जमातीने २०१८ मध्ये स्वतःच्या कायद्याने मनोमिनलाच हक्क दिले. पेटंटपासून मुक्ती हा त्यांपैकी एक. त्याच सुमारास जमातींनी प्रश्न ठरवावेत आणि विद्यापीठातील अभ्यासकांनी त्यांच्यासोबत काम करावे, अशा पद्धतीचा संयुक्त अभ्यासही सुरू झाला.