हवाई वाहतूक नियंत्रण व इंधनबचत (अहिल्यानगर जिल्हा)

विमान वा इंजिन न बदलता मार्ग, उंची, निघण्याची वेळ आणि उतरण्याची रीत बदलून इंधन वाचवण्याची पद्धत. अहिल्यानगर जिल्ह्यात तिचा संबंध काकडी (ता. कोपरगाव) येथील शिर्डी विमानतळाशी येतो. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या या विमानतळाचे उद्‌घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी झाले. अशा लहान विमानतळाचे इंधन मुख्यतः बाहेरच्या समन्वयावर वाचते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी त्यांतली एकच वापरता येते. तिथे गर्दी असताना काकडीहून उडालेले विमान मुंबईवर घिरट्या घालत राहिले, तर प्रत्येक फेरीत इंधन जळते. तेवढाच वेळ ते काकडीत इंजिन बंद ठेवून थांबले, तर हा खर्च टळतो. दिल्लीतील केंद्रीय वाहतूक-प्रवाह व्यवस्था याच तत्त्वावर निघण्याच्या वेळा ठरवते. प्रवाशाला तो उशीर वाटतो. पण पोहोचण्याची वेळ बहुधा तीच राहते, फक्त वाट जमिनीवर पाहिली जाते. उतरतानाही पायरीपायरीने खाली येण्याऐवजी सलग उतार मिळाला, तर इंजिने जवळजवळ किमान जोरावर चालतात. एक किलो इंधन वाचले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड टळतो.

दुसरा प्रश्न लष्करासाठी राखीव आकाशाला वळसा न घालता जाणाऱ्या सरळ मार्गाचा. देशाच्या हवाई क्षेत्रापैकी सुमारे ६० टक्केच नागरी विमानांना मोकळे असून निर्बंध सैल केल्यास वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा लाभ होईल, असे केंद्र सरकारने मे २०२० मध्ये जाहीर केले. या जिल्ह्यात खारे-कर्जुने हे लष्करी गोळीबार क्षेत्र आहे, त्यामुळे सुरक्षेचा आक्षेप येथे पोकळ नाही. मात्र लवचिक वापराच्या धोरणात लष्कराचा हक्क काढून घेतला जात नाही. सराव नसलेल्या वेळी आकाश नागरी विमानांना मिळते, सराव सुरू होताच परत जाते. बचत किरकोळ आहे, हा दुसरा आक्षेप. एका फेरीपुरता तो खरा आहे. पण वाहतूक नियंत्रणातील सुधारणांनी इंधन ६ ते १२ टक्के वाचू शकते, असा अंदाज आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने १९९९ मध्ये मांडला होता. उड्डाणे वाढली तर ही बचत गिळली जाईल, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यामुळे या उपायाने प्रत्येक उड्डाणाचा अपव्यय कमी होतो, एकूण उत्सर्जनाला मर्यादा घालण्याचे काम मात्र वेगळ्या धोरणाचे राहते.