रक्तप्रवाह परतल्यानंतरची इजा : हृदयस्नायूच्या संरक्षणाचे संशोधन

हृदयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेला हृदयस्नायूचा भाग प्राणवायूवाचून मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. त्यावरचा उपाय सरळ दिसतो : औषधाने गुठळी विरघळवायची किंवा अँजिओप्लास्टी करून वाहिनी मोकळी करायची. मात्र अडलेले रक्त पुन्हा वाहू लागते त्या पहिल्या काही मिनिटांतच, तोवर तग धरून राहिलेल्या काही पेशी मृत्यू पावतात. ज्या रक्ताने जीव वाचायचा तेच घाव घालते. या प्रकाराला 'रीपरफ्यूजन इंज्युरी' म्हणजे पुनर्प्रवाहजन्य इजा असे नाव आहे आणि तिला आवर घालण्याचे प्रयत्न सहा दशकांहून अधिक काळ चालू आहेत.

या विषयाचा आरंभ साधारणपणे १९६० सालापासून मानला जातो. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी काही काळ बांधून नंतर सोडली. प्रवाह परतलेल्या स्नायूत पेशीनाशाच्या ज्या खुणा सामान्यतः उशिरा उमटतात त्या फार लवकर आणि ठळकपणे उमटल्याचे त्यांना आढळले. पुढे १९७७ मध्ये किथ राइमर आणि जेनिंग्ज यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. स्नायू एकदम मरत नाही. मृत्यू हृदयाच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकतो. त्यांच्या प्रयोगांत वाहिनी ४० मिनिटे बंद राहिली तेव्हा स्नायूच्या जाडीचा सुमारे ३८ टक्के भाग मृत झाला, तीन तासांनी ५७ टक्के, सहा तासांनी ७१ टक्के आणि चोवीस तासांनी ८५ टक्के.

रक्तप्रवाह लवकर सुरू करण्याचा आजचा आग्रह या लाटेच्या कल्पनेवरच उभा आहे. माणसांमध्ये त्याचा भरभक्कम पुरावा १९८६ मध्ये इटलीतील 'जिसी' चाचणीने दिला. सुमारे ११,७०० रुग्णांच्या या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्या गटात २१ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. म्हणजे रक्त परतणे हे निःसंशय हिताचेच आहे. प्रश्न एवढाच, की त्या हितातून किती तोटा वजा होतो. यूजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर यांनी १९८५ मध्येच पुनर्प्रवाह हे दुधारी शस्त्र आहे काय, असा प्रश्न विचारला होता.

पेशीत काय घडते?

प्राणवायू तुटला की पेशी त्याच्याविना ऊर्जा मिळवू पाहते. त्यातून आम्ल साचते. हे आम्ल बाहेर टाकताना पेशीत सोडियम शिरते, ते उपसणारे पंप ऊर्जेअभावी थंडावलेले असतात, आणि अखेर सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम आत येऊ लागते. अशा अवस्थेत रक्त परतते. प्राणवायूचा लोंढा येताच तंतुकणिकांमधून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांमधून, मुक्त मूलके मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. साचलेले कॅल्शियम आणि अचानक मिळालेली ऊर्जा यांमुळे स्नायूतंतू इतके आक्रसतात की पेशीची आवरणे फाटतात.

सर्वांत निर्णायक घटना तंतुकणिकेच्या पटलात घडते. या पटलात विशिष्ट परिस्थितीत उघडणारे एक छिद्र असते. विलक्षण गोष्ट अशी, की रक्त अडलेले असताना पेशीतील आम्लतेमुळे हे छिद्र बंदच राहते. रक्त परतून आम्ल धुऊन निघाले की ते उघडते, तंतुकणिका फुगते, ऊर्जानिर्मिती कोसळते आणि पेशी मरते. रक्त नसताना तग धरलेली पेशी रक्त आल्यावर का मरते, या कोड्याचे बरेचसे उत्तर येथे मिळते.

या इजेची रूपेही एकसारखी नसतात. काही स्नायू जिवंत असूनही कित्येक तास किंवा दिवस 'बधिर' राहतो आणि मग आपोआप सावरतो. कधी प्रवाह परतताच ठोक्यांची लय बिघडते. कधी मोठी वाहिनी उघडूनही सूक्ष्म केशवाहिन्यांत रक्त शिरतच नाही. अँजिओग्राफीच्या पडद्यावर वाहिनी मोकळी दिसते आणि स्नायू मात्र कोरडाच राहतो. हा शेवटचा प्रकार रुग्णाच्या भवितव्याच्या दृष्टीने विशेष वाईट मानला जातो.

१९८६ चा अनपेक्षित निष्कर्ष

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी, जेनिंग्ज आणि राइमर यांनी केलेला प्रयोग या क्षेत्रातील सर्वाधिक गाजलेला प्रयोग ठरला. त्यांनी कुत्र्यांची रक्तवाहिनी पाच मिनिटे बंद करून पाच मिनिटे मोकळी केली आणि असे चार वेळा केले. त्यानंतर तीच वाहिनी सलग ४० मिनिटे बंद ठेवली. एकूण अडथळा वाढला होता, म्हणून हानीही वाढायला हवी होती. प्रत्यक्षात मृत स्नायूचे प्रमाण, ही पूर्वतयारी न केलेल्या प्राण्यांच्या तुलनेत केवळ चतुर्थांश भरले. लहानशा त्रासाने हृदय मोठ्या आघातासाठी सज्ज झाले होते. या क्रियेला 'प्रीकंडिशनिंग' म्हणतात. याच प्रयोगाचा दुसरा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही : अडथळा ४० मिनिटांऐवजी तीन तासांचा केला तेव्हा हे संरक्षण उरले नाही. पूर्वतयारीने मृत्यू लांबतो, टळत नाही.

पुढच्या काही वर्षांत यामागची यंत्रणा उलगडत गेली. अडथळ्याच्या काळात पेशीबाहेर साचणारे ॲडिनोसिन हे एक महत्त्वाचे संकेतद्रव्य असल्याचे १९९१ मध्ये सशांवरील प्रयोगांतून दिसले. त्यापासून निघालेला संदेश पेशीतील विकरांच्या साखळीतून तंतुकणिकेपर्यंत पोहोचतो आणि ते घातक छिद्र उघडण्यास विरोध करतो. संरक्षणाचा पहिला टप्पा एक-दोन तासांत ओसरतो. सुमारे चोवीस तासांनी दुसरा, सौम्य पण अधिक टिकणारा टप्पा येतो.

अडचण अगदी व्यावहारिक होती. झटका कधी येणार हे आधी ठाऊक नसते, मग पूर्वतयारी करायची केव्हा? यातून दोन नव्या वाटा निघाल्या. पहिली वाट दुरून संरक्षणाची. १९९३ मध्ये कॅरिन प्रिझक्लेंक आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हृदयाच्या एका वाहिनीत थोडा वेळ अडथळा केल्यास दुसऱ्या वाहिनीच्या क्षेत्रातील स्नायूही वाचतो. नंतर असाच परिणाम हातापायाचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवूनही मिळतो, असे आढळले. म्हणजे रक्तदाब मोजण्याचा दंडपट्टा हेच उपचाराचे साधन झाले. दुसरी वाट नंतरच्या उपायाची. २००३ मध्ये अमेरिकेत याकोब व्हिंटेन-योहान्सेन यांच्या गटाने वाहिनी उघडल्यावर लगेच तीस-तीस सेकंदांचे थोडे अडथळे घातले आणि कुत्र्यांमधील मृत स्नायू जवळजवळ प्रीकंडिशनिंगइतकाच कमी झाला. प्रवाह टप्प्याटप्प्याने परतल्यामुळे आम्लता हळूहळू कमी होते आणि ते छिद्र बंद राहते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

प्रयोगशाळेतून रुग्णालयात

येथपर्यंतची कथा यशाची आहे. फ्रान्समधील लिऑन येथे २००५ मध्ये ३० रुग्णांवर अँजिओप्लास्टीच्या फुग्यानेच असे अडथळे घालून पाहण्यात आले आणि स्नायूहानी दर्शवणाऱ्या विकराचे रक्तातील प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. २००८ मध्ये फ्रान्समध्येच ५८ रुग्णांवर सायक्लोस्पोरिन या औषधाचा प्रयोग झाला. अवयवरोपणात वापरले जाणारे हे औषध तंतुकणिकेतील छिद्र रोखते. त्यातही हानी कमी झाल्याचे दिसले. डेन्मार्कमध्ये २०१० मध्ये रुग्णवाहिकेतच दंडपट्टा फुगवून केलेल्या अभ्यासात अधिक स्नायू वाचल्याचे आढळले.

मग मोठ्या चाचण्या झाल्या आणि चित्र पालटले. सायक्लोस्पोरिनची ९७० रुग्णांवरील चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरातील मृत्यू, हृदय निकामी होणे किंवा हृदयाचा आकार वाढणे यांचे एकत्रित प्रमाण औषध घेतलेल्यांत ५९ टक्के आणि न घेतलेल्यांत ५८ टक्के निघाले. त्याच वर्षी हृदयशस्त्रक्रियेपूर्वी दंडपट्टा वापरण्याच्या दोन मोठ्या चाचण्या ब्रिटन आणि जर्मनीत निष्फळ ठरल्या. फुग्याने नंतर अडथळे घालण्याची डॅनिश चाचणी १,२३४ रुग्णांवर झाली. २०१७ मध्ये तिचाही निकाल नकारात्मक आला. २०१९ मध्ये ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बियातील ५,४०१ रुग्णांच्या चाचणीने दंडपट्ट्याच्या आशेला मोठा धक्का दिला. हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्याने रुग्णालयात भरती, यांचे वर्षभरातील प्रमाण नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ८.६ टक्के, तर दंडपट्टा लावलेल्यांत ९.४ टक्के होते.

प्राण्यांत हमखास दिसणारा परिणाम माणसांत का हरवतो? प्रयोगशाळेतील प्राणी तरुण आणि निरोगी असतात. रुग्ण मात्र बहुधा वयस्क असतो, त्याला मधुमेह आणि उच्च रक्तदाब असतो आणि तो अनेक औषधे घेत असतो. मधुमेहामुळे पेशीतील संरक्षक संदेशसाखळी मंदावते. रक्तबिंबिका एकत्र येऊ न देणारी आजची काही औषधे स्वतःच थोडे संरक्षण देतात असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, त्यामुळे नव्या उपायाला भर घालण्यास वाव कमी राहतो. शस्त्रक्रियेतील प्रोपोफोल या भूलीच्या औषधाने दंडपट्ट्याचा परिणाम पुसला जात असावा असाही संशय आहे. शिवाय अँजिओप्लास्टी वेळेत झालेल्या रुग्णांचे भवितव्य आता मुळातच इतके सुधारले आहे, की आणखी फरक दाखवणे अवघड होते. लहान चाचण्यांवर फार लवकर विसंबले गेले, हे कारणही नाकारता येत नाही.

एका ठिकाणी मात्र हृदयस्नायूचे संरक्षण नित्याचे झाले आहे आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. खुल्या हृदयशस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय मुद्दाम थांबवतात. ब्रिटनमध्ये डेनिस मेलरोज यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे द्रावणे सुधारली आणि हृदय थंड ठेवण्याची जोड मिळाली. थांबलेल्या, गार हृदयाची ऊर्जेची गरज अत्यल्प असते, त्यामुळे रक्ताविना ते बराच वेळ तग धरते. येथे आघाताची वेळ आधी ठरलेली असते. झटक्याच्या रुग्णाबाबत नेमकी हीच सोय नसते.

भारतातील परिस्थिती

भारतात या संशोधनाकडे पाहताना वेळेचा हिशेब पुढे येतो. देशातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांवर रुग्णांची नोंद घेणाऱ्या 'क्रिएट' या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यम कालावधी ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. राइमर आणि जेनिंग्ज यांच्या प्रयोगात सहा तासांनी स्नायूचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग गेलेला होता. माणसाच्या हृदयात ही गती बरीच संथ असू शकते, तरी इतक्या उशिरानंतर वाचवण्याजोगा स्नायू थोडाच उरतो आणि पुनर्प्रवाहाची इजा रोखणाऱ्या उपायालाही तेवढाच कमी वाव राहतो.

त्यामुळे देशात भर पडली ती उपचाराची साखळी जोडण्यावर. तमिळनाडूत लहान रुग्णालये आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेली मोठी केंद्रे यांना जोडणारी व्यवस्था उभारण्यात आली. सुमारे २,४०० रुग्णांच्या अभ्यासात ती सुरू झाल्यावर वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीत २०१९ मध्ये प्रशिक्षित परिचारकांना मोटारसायकलवरून रुग्णाच्या घरी पाठवण्याचा उपक्रम सुरू झाला. गुठळी विरघळवणारे औषध तेथेच देता यावे, हा त्याचा हेतू होता.

पुनर्प्रवाहजन्य इजा रोखणारे एकही औषध नित्याच्या उपचारात स्थिरावलेले नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये, अँजिओप्लास्टीनंतर प्राणवायूने संपृक्त केलेले रक्त हृदयाच्या वाहिनीत सोडण्याच्या पद्धतीला मर्यादित रुग्णांसाठी मान्यता दिली, परंतु तिचा प्रसार अल्प आहे. संशोधकांचा कल आता एकाच वेळी अनेक मार्गांवर काम करणाऱ्या उपायांकडे आणि मधुमेही, वृद्ध प्राण्यांवर आधी परीक्षण करण्याकडे आहे. दंडपट्ट्याचा प्रयोग घरी स्वतःवर करून पाहण्यात काहीच अर्थ नाही, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. छातीत दाब किंवा कळ, घाम, डाव्या हाताकडे अथवा जबड्याकडे जाणारी वेदना जाणवल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात तातडीने पोहोचावे.