हिपॅटायटिस बी लस आणि प्रौढांचे लसीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बरूच ब्लुमबर्ग यांनी १९६५ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’विषयीचे संशोधन प्रसिद्ध केले आणि हिपॅटायटिस बी लसीचा पाया घातला गेला. या लसीची निर्णायक चाचणी प्रौढांवर झाली. न्यूयॉर्कमधील १,०८३ समलिंगी पुरुषांच्या सहभागातून वोल्फ श्मुनेस यांनी १९८० मध्ये तिची परिणामकारकता सिद्ध केली. १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. १९८२ ची शिफारस मात्र आरोग्य कर्मचारी व इतर जोखीमग्रस्त गटांपुरतीच होती.

मानवी रक्तद्रवापासून बनलेल्या या लसीबाबत एड्सची भीती निर्माण झाली. १९८६ मध्ये यीस्टच्या साहाय्याने तयार केलेली लस आल्यावर त्या भीतीला आधार उरला नाही; परंतु स्वतःला जोखीमग्रस्त म्हणवून घेण्यातील संकोच कायम राहिला. परिणामी १९९१ मध्ये अमेरिकेने सर्व अर्भकांच्या लसीकरणाचे धोरण स्वीकारले. १९ ते ५९ वयोगटातील सर्व प्रौढांसाठी शिफारस होण्यास २०२२ उजाडले.

भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वस्त स्वदेशी लस आणली. २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा समावेश झाला.

सारांश, ज्या प्रौढांच्या सहभागामुळे लस सिद्ध झाली, त्यांच्यापर्यंत ती सार्वत्रिक स्वरूपात सर्वांत उशिरा पोहोचली. जोखमीची ओळख पटवून घेण्याची अट हेच त्यामागील एक प्रमुख कारण होय.