तळटीप : एकाच्या दोन, दोनांची एक

* ‘एका फोटॉनपासून दोन उत्तेजित अवस्था’ हे लेखकाचे विधान ऊर्जेच्या अक्षय्यतेला धरूनच आहे. पेंटासीनच्या स्फटिकात प्रकाश शोषून तयार होणाऱ्या सिंग्लेट अवस्थेची ऊर्जा सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ट्रिप्लेट या दुसऱ्या प्रकारच्या उत्तेजित अवस्थेची त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. त्यामुळे एक सिंग्लेट शेजारच्या रेणूला वाटेकरी करून दोन ट्रिप्लेटमध्ये फुटते. जोडीचे एकूण स्पिन शून्यच राहत असल्याने हे सुमारे ८० फेम्टोसेकंदांत उरकते. अँथ्रासीनमध्ये दिसणारी उलट क्रिया मला अधिक विलक्षण वाटते : स्फटिकावर लाल लेझर टाकला की दोन ट्रिप्लेट एकत्र येऊन एक सिंग्लेट बनते आणि स्फटिक निळा प्रकाश देतो. पहिल्या, फुटण्याच्या क्रियेचा उपयोग करून पेंटासीनच्या सौरघटातून २०१३ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ठरावीक तरंगलांबीला शंभर फोटॉनांमागे शंभरापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन मिळवले. — संपादक