अमेरिकेत कागदपत्रं नसलेल्या मुलांची कॉलेज फी : 'रहिवासी' कोणाला म्हणतात?

आपल्या कोकणातल्या, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. तिथून एक प्रश्न येतो : मुलगी लहानपणापासून इथल्याच शाळेत शिकली, पण व्हिसा संपलेला आहे, मग कॉलेजात तिला फी कोणती लागेल? म्हणून ही माहिती देत आहोत.

अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं राज्यांची असतात. राज्यातल्या रहिवाशाला एक फी, बाहेरच्याला दुसरी. फरक थोडाथोडका नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला 30 हजार डॉलरहून जास्त रक्कम वरून भरावी लागते.

बारावीपर्यंत अडचण नाही. 1982 साली टेक्सासमधल्या 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेतून काढता येणार नाही. पण हा निकाल कॉलेजला लागू होत नाही. गाडी अडते ती इथेच.

1996 च्या केंद्रीय कायद्यानुसार, नागरिकांना जी सवलत रहिवासाची अट न लावता मिळत नाही, ती राज्याने कागदपत्रं नसलेल्यांना केवळ रहिवासाच्या आधारावर देऊ नये. कॅलिफोर्नियाने यातून वाट काढली. 2001 च्या 'एबी 540' कायद्यात रहिवासाऐवजी शाळेची अट ठेवली : राज्यातल्या हायस्कूलात तीन वर्षं आणि तिथूनच पास. (पुढे यात कम्युनिटी कॉलेजची वर्षंही धरली जाऊ लागली.) ही अट पूर्ण करणारा, पण आता दुसऱ्या राज्यात राहणारा अमेरिकन नागरिकही तीच सवलत घेऊ शकतो. 2010 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर कायदा वैध ठरवला. आम्हाला ही मांडणी न्यायाची वाटते, कारण मूल कुठे वाढलं हे शाळेच्या दाखल्यावरून कळतं.

टेक्सासनेही 2001 मध्येच अशी सवलत दिली होती, कॅलिफोर्नियाच्याही आधी. पण जून 2025 मध्ये केंद्र सरकारने खटला भरला, राज्याने विरोधच केला नाही आणि कोर्टाने त्याच दिवशी ती रद्द केली. फ्लोरिडाने 2014 चा आपला कायदा 2025 मध्ये मागे घेतला. मिनेसोटा, इलिनॉय वगैरे राज्यांवरही खटले झाले. उलट ॲरिझोनात 2022 साली मतदारांनीच सवलतीला कौल दिला. साउथ कॅरोलिनात तर सरकारी कॉलेजात प्रवेशच बंद आहे. त्यामुळे चुलतभावाला मागच्या वर्षी काय मिळालं यावर विसंबू नका. त्या राज्याचा आजचा नियम कॉलेजच्या ऑफिसात विचारा.

एच-4 व्हिसावरच्या मुलांचं वेगळंच आहे. अनेक राज्यांत त्यांना रहिवासी धरतात. पण वय 21 झालं की हा व्हिसा संपतो. मग एफ-1 घ्यावा लागतो, आणि एफ-1 वाल्याला बऱ्याच ठिकाणी बाहेरचा समजून फी लावतात. म्हणून विसावं लागायच्या आधीच वकिलाला भेटा.

सगळ्यात मोठा धोका फॉर्ममध्ये आहे. 'अमेरिकन नागरिक' या चौकटीत चुकूनही खूण करू नका, कुणी एजंट सांगत असला तरी. नागरिकत्वाचा खोटा दावा केला, तर पुढे ग्रीन कार्डची वाट जवळपास कायमची बंद होते. एबी 540 साठी वेगळं प्रतिज्ञापत्र असतं. पात्र होताच कायदेशीर दर्जासाठी अर्ज करू, असं त्यात लिहून द्यायचं असतं. तेच भरा.

केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आणि कर्ज कागदपत्रं नसलेल्यांना मिळत नाही, 'डाका'वाल्यांनाही नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं स्वतःची मदत देतात. खासगी कर्ज व्याजाचं असतं, त्यामुळे आपली कुटुंबं कचरतात. अशा वेळी मशिदीच्या कमिटीकडे जकातीतून मदत होईल का, हे विचारायला संकोच नको.

एक गैरसमज मात्र फार आहे. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल आणि अम्मी-अब्बांकडे कागदपत्रं नसतील, तरी मूल नागरिकच आहे. केंद्राच्या मदतीसाठी ते पात्र ठरतं. फ्लोरिडात अशा मुलांना आईवडिलांच्या दर्जावरून बाहेरची फी लावली जात होती. 2012 मध्ये केंद्रीय न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. फक्त अर्जात पालकांची माहिती द्यावी लागते आणि ती सरकारकडे जाते. म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्या, मग भरा.