चावण्यापूर्वी कुत्रा काय सांगतो?

‘आमचा टॉमी आजवर कुणालाही चावलेला नाही, कालच एकाएकी काय झाले कळत नाही,’ हे वाक्य पशुवैद्यकांच्या दवाखान्यात वरचेवर ऐकू येते. बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याला ते खरोखरच अचानक घडल्यासारखे वाटलेले असते. परंतु पाळीव कुत्रा कोणतीही पूर्वसूचना न देता चावल्याचे उदाहरण विरळाच. चावण्याआधी त्याने बहुधा अनेकदा, कधी कधी महिनोन्‌महिने, आपली नाराजी दर्शविलेली असते. घरातल्यांनी एक तर ती ओळखलेली नसते, किंवा ओळखून त्याला दटावून गप्प केलेले असते.

श्वानदंश म्हटला की आपल्याकडे रस्त्यावरची भटकी कुत्री डोळ्यांसमोर येतात आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र शहरांतील सदनिकांमध्ये कुत्रा पाळणे आता नवलाचे राहिलेले नाही. अशा घरात दंश होतो तेव्हा त्याचा धनी ठरतो तो घरातलाच लहान मुलगा, सुटीत आलेला पाहुणा, कामाला येणाऱ्या बाई, दारात उभा असलेला कुरिअरवाला किंवा लिफ्टच्या अरुंद जागेत समोर आलेला शेजारी.

ब्रिटनमधील पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी कुत्र्याच्या इशाऱ्यांची एक शिडीच मांडली आहे. अगदी खालच्या पायऱ्यांवर येते ती झोप नसताना दिलेली जांभई, डोळ्यांची उघडझाप आणि जिभेने नाक चाटणे. त्याने भागले नाही तर कुत्रा मान फिरवतो, अंग वळवतो, पंजा उचलतो, उठून दुसरीकडे जातो. पुढे कान मागे पडतात, शेपूट पोटाखाली जाते, अंग आक्रसते. त्याहीनंतर तो ताठरतो, टक लावून पाहतो, गुरगुरतो, हवेतल्या हवेत दात आपटतो आणि शेवटच्या पायरीवर चावतो. प्रत्येक कुत्रा सर्व पायऱ्या क्रमाने चढतोच असे नाही. पण आपल्या लक्षात येते ती गुरगुर, म्हणजे जवळजवळ शिडीचे टोक. ‘भुंकणारे कुत्रे चावत नाहीत’ ही म्हण माणसांच्या बाबतीत कितीही उपयोगी असो, कुत्र्यांच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. भुंकणारी कुत्री चावतातही. आणि भुंकणे थांबवून कुत्रा जागच्या जागी निश्चल उभा राहतो तो क्षण अधिक धोक्याचा असतो. शेपूट हलते आहे म्हणजे स्वारी खुशीत आहे, हाही असाच एक गैरसमज. ताठ, उंच धरलेली आणि झपाझप हलणारी शेपटी केवळ उत्तेजना दाखवते.

येथेच बहुतेक घरांत मोठी चूक होते. गुरगुरणे हा उद्धटपणा समजून कुत्र्याला थप्पड मारली जाते, गळपट्ट्याला हिसका दिला जातो, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली जाते. कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि मालकाला वाटते, सुधारला. प्रत्यक्षात त्याची भीती किंवा वेदना तशीच राहिलेली असते. त्याने सोडलेली असते ती फक्त सूचना. मग एके दिवशी तो ‘काहीही कारण नसताना’ थेट चावतो. कुत्रा गुरगुरला तर हात मागे घ्यावा, अंतर वाढवावे, आणि तो कशामुळे गुरगुरला याची दिवस, वेळ, जागा यांसह नोंद करावी. पशुवैद्यकाला या वहीचा फार उपयोग होतो.

‘कुत्र्याला त्याची जागा दाखवून दिली पाहिजे, नाहीतर तो घराचा म्होरक्या होतो’ ही समजूतही अजून घट्ट आहे. तिचे मूळ लांडग्यांच्या अभ्यासात सापडते. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. डेव्हिड मेक यांच्या 1970 मधील ग्रंथामुळे म्होरक्याची कल्पना सर्वदूर पोचली. पुढे मोकळ्या रानातील लांडग्यांचे कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, असे मेक यांनाच दिसून आले व 1999 मध्ये त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरण्याचा ‘उपाय’ मात्र काही प्रशिक्षक आजही सुचवतात. भेदरलेल्या कुत्र्याच्या तोंडाशी आपला चेहरा नेण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

आक्रमकपणाचे मूळ शोधताना पहिली शंका दुखण्याची घ्यावी. शांत स्वभावाचा, पाच-सात वर्षांचा लॅब्राडोर अलीकडे चिडचिडा झाला असेल तर त्याचे खुबे, गुडघे, दात आणि कान तपासून घ्यावेत. गुळगुळीत फरशीवर घसरत वाढलेल्या जड कुत्र्यांना सांधेदुखीचा त्रास अधिक जाणवतो. पावसाळ्यात लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान आतून चिघळतात, आणि नेमका तिथेच लाडाने हात फिरवला की ती उसळतात. म्हाताऱ्या कुत्र्याला नीट दिसत वा ऐकू येत नसेल तर झोपेत केलेला स्पर्शही त्याला हल्ल्यासारखा वाटतो. ही दुखणी प्रशिक्षकाच्या शिट्टीने बरी होत नाहीत.

दुसरे कारण वाटीभोवतीचे. खाताना जवळ गेल्यास गुरगुरणाऱ्या कुत्र्याची थाळी मुद्दाम उचलून घेण्याची पद्धत आहे. त्यातून तो एवढेच शिकतो की माणूस जवळ आला की अन्न जाते. याउलट पुरेशा अंतरावरून जाता जाता त्याहून चविष्ट तुकडा थाळीत टाकत गेल्यास, काही आठवड्यांत माणसाच्या येण्याचा त्याला अर्थच वेगळा लागू लागतो. पळवलेला मोजा किंवा खेळणे काढून घ्यायचे तेव्हाही हिसकावण्यापेक्षा अदलाबदल करावी. दारावरची आक्रमकता मात्र बहुतांशी भीतीतून येते. घंटा वाजते, तो भुंकतो, कुरिअरवाला निघून जातो. आपण त्याला पळवून लावले असा कुत्र्याचा समज रोज पक्का होत जातो. घंटा वाजली की आतल्या खोलीत जाऊन ठरलेल्या चटईवर बसायचे व खाऊ मिळवायचा, अशी सवय लावता येते. तोवर दार उघडण्यापूर्वी त्याला आत बंद करणे किंवा पट्टा लावणे इष्ट.

मुलांच्या बाबतीत कोणताही धोका पत्करू नये. सुटीत आलेला चार वर्षांचा भाचा सोफ्याखाली शिरलेल्या कुत्र्याला शेपटी धरून ओढतो, मोठी माणसे ‘किती गुणी आहे बघा, काही करत नाही’ म्हणत कौतुकाने छायाचित्रे काढतात, आणि छायाचित्रातच कुत्र्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग स्पष्ट दिसत असतो! लहान मुलांना चावा बहुधा चेहरा, डोके व मानेवर बसतो, कारण त्यांचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असते. मिठी मारणे हे आपले प्रेम. कुत्र्याला तो कोंडमारा वाटू शकतो. जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून लहान मूल आणि कुत्रा यांना, कितीही विश्वासातला कुत्रा असला तरी, एका खोलीत ठेवू नये. त्याला मुलांपासून दूर निवांत पडता येईल असा एक कोपरा घरात असावा. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर न पळता, हात शरीराशी धरून, नजर जमिनीकडे ठेवून झाडासारखे स्तब्ध उभे राहायला मुलांना जरूर शिकवावे.

पिल्लू आणतानाच निम्मे काम होते किंवा बिघडते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ संशोधनातून पिल्लाच्या वाढीतील एक नाजूक काळ पुढे आला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्या माणसांना, आवाजांना, वस्तूंना निर्धास्तपणे भेटते, ती त्याला पुढे सहसा भयावह वाटत नाहीत. आठ आठवड्यांपूर्वी भावंडांपासून तोडलेल्या पिल्लाला दात किती जोराने लावायचा याचा धडाच पुरता मिळत नाही. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लू जमिनीवर सोडू नये हे खरे, पण कडेवर घेऊन त्याला रिक्षा, प्रेशर कुकरची शिट्टी, छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा दाखवायला कोणाची हरकत?

जातीचा प्रश्न येथे हटकून निघतो. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये पिटबुल, रॉटवायलर आदी 23 जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केले. बलदंड जबड्याच्या कुत्र्याचा चावा अधिक घातक असतो, यात वाद नाही आणि नवख्याने असा कुत्रा सदनिकेत आणू नये हेच शहाणपणाचे. पण केवळ जात पाहून निश्चिंत होणेही चूक. पॉमेरेनियनच्या गुरगुरण्याला आपण हसतो, म्हणून त्याच्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष तेवढे अधिक होते.

एकदा चावलेला कुत्रा पुन्हा चावू शकतो, हे गृहीत धरूनच पुढची व्यवस्था करावी. मझल, म्हणजे तोंडाची जाळी, ही शिक्षा मानू नये. धाप टाकता येईल, पाणी पिता येईल अशी पिंजऱ्यासारखी जाळी निवडून खाऊच्या साह्याने तिची सवय आधीपासून लावावी. तोंड आवळून बंद करणारी कापडी पट्टी आपल्या उन्हाळ्यात जिवावर बेतू शकते. नसबंदीने नर कुत्र्यांचे भटकणे आणि आपसांतील काही भांडणे कमी होतात, परंतु भीतीपोटी चावणाऱ्या कुत्र्याचा स्वभाव तेवढ्याने पालटत नाही. हलगर्जीपणाने सांभाळलेल्या प्राण्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका वा गंभीर इजा होण्याचा संभव निर्माण झाल्यास, 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दंश झालाच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण दोन मिनिटांतच पुष्कळ झाले असे वाटू लागते. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. मग पोव्हिडोन आयोडिनसारखे जंतुनाशक लावून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अशी जखम सहसा लगेच शिवत नाहीत. धनुर्वाताच्या लसीबाबतही विचारून घ्यावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बचावणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, एवढ्यावर आपली लस पुढे ढकलू नये. पोटात 14 इंजेक्शने घेण्याचे दिवस कधीच सरले. आता त्वचेत लस दिल्यास ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत दिल्यास 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी दंडात देतात. रक्त निघाले असल्यास जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पूर्वी लसीकरण पूर्ण झालेल्यांना 0 आणि 3 व्या दिवसाच्या दोन मात्रा पुरतात.

चावणाऱ्या कुत्र्याला मारू नये, हाकलूनही देऊ नये. त्याला बांधून, वेगळे ठेवून 10 दिवस पाहावे. या काळात तो ठणठणीत राहिला, तर दंशाच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे मानतात आणि पुढील मात्रांबाबत डॉक्टर फेरविचार करू शकतात. आवाज बदलणे, लाळ गळणे, अन्नपाणी सोडणे, दिसेल ते चावत सुटणे किंवा जबडा लुळा पडणे यांपैकी काही दिसल्यास त्याच्या तोंडात हात न घालता पशुवैद्यकाला तात्काळ कळवावे.