चर्चचा इतिहास कसा अभ्यासावा : कुंकळ्ळी, १५८३

पदव्युत्तर स्तरावर चर्चचा इतिहास आणि ईश्वरविज्ञान हे विषय मी निवडले, तेव्हा अनेक हितचिंतकांनी विचारले, ‘हा तर पाद्रींचा विषय, इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचे काय प्रयोजन?’ प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेने देण्यापेक्षा आपल्याच भूमीतील एका घटनेच्या आधारे देणे मला अधिक उचित वाटते.

जुलै १५८३ मध्ये साष्टी प्रांतातील कुंकळ्ळी गावी चर्चसाठी जागा पाहावयास गेलेल्या पाच जेझुइट धर्मसेवकांची हत्या झाली. त्यांचे प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा हे १५८० पासून फत्तेपूर सिक्री येथे अकबराच्या दरबारी धर्मचर्चा करून त्याच वर्षी गोव्यास परतले होते. या पाचांसमवेत एक पोर्तुगीज गृहस्थ आणि चौदा स्थानिक ख्रिस्ती यांनाही प्राण गमवावे लागले. पुढे गावकरांच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले.

एवढीच हकीकत वाचली, तर वाचक आपापल्या घराण्याच्या धर्माप्रमाणे एका बाजूला जाऊन बसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती मुभा नाही. त्याला आधी पूर्वपीठिका पाहावी लागते. १५६६-६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. कुंकळ्ळी व आसपासच्या गावांनी सारा देण्यास नकार दिला, आणि त्यांच्यावर दंडात्मक मोहिमा झाल्या. मारल्या गेलेल्या पाचांपैकी पाशेको आणि बेर्नो हे त्या मोहिमांबरोबर गेलेले होते. म्हणजे ज्या दिवशी हे पाच जण नि:शस्त्र गावात आले, त्या दिवशी गावकऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्यापूर्वीची कित्येक वर्षे उभी होती.

ही माहिती आपणांस कोठून मिळते? बहुतांशी जेझुइटांच्याच पत्रांतून. योसेफ विकी या अभ्यासकाने १९४८ ते १९८८ या काळात अशा पत्रांचे अठरा खंड संपादित केले. मारल्या गेलेल्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेली ही पत्रे आहेत, हे क्षणभरही विसरून चालत नाही. तथापि देवळे पाडल्याची हकीकतही ती स्वत:च सांगतात; कारण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती लपविण्याजोगी गोष्ट नव्हती, पुण्यकृत्य होते. ते पुण्यकृत्य का वाटले, हे समजण्यासाठी त्या काळचे ईश्वरविज्ञान वाचावे लागते. ते पटावे म्हणून नव्हे. कागदाचा अर्थ लागावा म्हणून.

याहून महत्त्वाचा मुद्दा ‘हुतात्मा’ या संज्ञेचा आहे. चर्चच्या शास्त्राप्रमाणे धर्मासाठी प्राण गेला असे ठरण्यास मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेविषयी द्वेष होता, हे सिद्ध व्हावे लागते. साहजिकच रोममधील चौकशीत आक्षेप घेण्याचे काम ज्याच्याकडे त्या काळी असे, त्या अधिकाऱ्याने प्रश्न उपस्थित केला : देवळांच्या विध्वंसाने गावकरी चिडले असतील, तर ही हत्या श्रद्धेच्या द्वेषाने झाली असे म्हणावे काय? १७४१ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी हौतात्म्य सिद्ध झाल्याचा निर्णय दिला. पाचांना ‘धन्य’ ही पदवी मात्र १८९३ मध्ये मिळाली. निर्णय आपणांस पटो वा न पटो, आपण आज जो प्रश्न विचारतो तो चर्चच्या स्वत:च्या कामकाजात अठराव्या शतकातच विचारला गेला होता. ईश्वरविज्ञान न जाणणारा या कागदांना केवळ स्तुतिपाठ समजेल. जाणणारा ते खटल्याच्या कागदांसारखे, वाद आणि प्रतिवाद तपासून वाचेल.

त्या धन्य ठरलेल्यांत केवळ पाच जेझुइटांचीच नावे आहेत. सोबत मेलेले पंधरा सामान्य जन त्या यादीत नाहीत. असोळण्यास मारले गेलेले गावकर तर कोणत्याच यादीत असणे शक्य नव्हते. त्यांची आठवण गावाने आपल्या परीने जपली. आज कुंकळ्ळीत त्यांचे स्मारक उभे आहे. श्रीशांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण देवीचे स्थान त्या काळी फातर्प्यास हलविले गेले. तरी दरवर्षी फाल्गुनात देवी मिरवणुकीने कुंकळ्ळीस येते, बारा वांगडांच्या छत्र्या तिच्यासमवेत असतात, आणि ख्रिस्ती गावकरही तिच्या स्वागतास उभे राहतात. दप्तरखान्यात न सापडणारा हा पुरावा आहे, आणि तोही तितक्याच काटेकोरपणे तपासावयास हवा.

याच साष्टीत त्या काळी फादर थॉमस स्टीफन्स वावरत होते. १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले : रोमन लिपीत, पण मराठी भाषेत आणि ओवी छंदात. ज्या धर्मसत्तेने येथील पुराणे मना केली, तिच्याच एका सेवकाने पुराणाचा घाट स्वीकारला. या दोन गोष्टींपैकी एक सांगून दुसरी वगळणे म्हणजे इतिहास अर्धा सांगणे होय.

आमच्या शाळांतून एकाच वांगडाच्या हिंदू आणि ख्रिस्ती शाखांतील मुले एका बाकावर बसतात. त्यांना १५८३ सालाचा धडा शिकविणाऱ्याने पोर्तुगीज व लॅटिन कागद, चर्चचे शास्त्र आणि गावाची स्मृती या तिन्ही गोष्टी जाणल्या पाहिजेत. पदव्युत्तर अभ्यासाचे प्रयोजन मला येथे दिसते. धडा असा सांगता यावा, की त्यातील एकही मृत वगळला जाऊ नये, आणि तो ऐकताना त्या बाकावरील कोणत्याही मुलाला मान खाली घालावी लागू नये.